कायमचं राहायला पहिलं मोटरहोम: पलंग शेवटी बघा, वजनाचं लेबल आधी

अमेरिकेत घर विकून किंवा भाड्याचं घर सोडून मोटरहोममध्येच राहायचं ठरवलेल्या ओळखीच्या मंडळींचे फोन येतात. अडचण एवढीच की फोन बहुधा गाडी दारात आल्यावर येतो. आधी शोरूममध्ये पलंग आवडलेला असतो, मग सही झालेली असते, आणि मग कळतं की संसार भरल्यावर मागच्या ॲक्सलला, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्याला, भार झेपेनासा होतो किंवा आपल्याला हव्या त्या कॅम्पग्राउंडमध्ये एवढी लांब गाडी आतच जात नाही. सुट्टीपुरती गाडी चुकली तर परत येऊन घरी झोपता येतं. कायमचं राहायचं तर चुकलेल्या गाडीतच झोपायचं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. गाडी प्रत्यक्ष बघायला जायचं ते सातव्या टप्प्यात.

## १. आधी कागदावर: कुठे, किती दिवस, कोणत्या पत्त्यावर

येत्या बारा महिन्यांचा नकाशा काढा. कोणत्या महिन्यात कुठे असणार आणि तिथे वीज-पाण्याची जोडणी असलेल्या पार्कमध्ये राहणार की मोकळ्या सरकारी जमिनीवर, ते लिहा. दोन्हींसाठी लागणारी गाडी वेगळी असते. बीएलएम या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच एका जागी मुक्काम करता येतो, म्हणजे हलणं आलंच. हिवाळा ॲरिझोनात काढणार असाल तर भिंती जरा पातळ असल्या तरी चालतात. कोलोरॅडोत काढणार असाल तर टाक्या आणि पाइप गरम राहणारी गाडीच लागते. विक्रेत्याच्या पाटीवर 'फोर सीझन' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. टाक्यांना हीटर आहेत का आणि खालचा भाग बंदिस्त आहे का, एवढेच दोन प्रश्न विचारा.

राष्ट्रीय उद्यानं डोळ्यांसमोर असतील तर लांबीचा विचार इथेच करा. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडी जाऊच देत नाहीत. ३५ फुटी गाडी घेऊन उद्यानं फिरू म्हणणारे बऱ्याचदा बाहेरच्या खाजगी पार्कमध्येच राहतात.

मग पत्ता. फिरस्ते बहुधा साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडात कायदेशीर वास्तव्य दाखवतात. तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवाही आहेत. पण टपालपेटीचा पत्ता प्रत्येक बँक राहता पत्ता म्हणून मान्य करत नाही.

सावधान, व्हिसावाल्यांसाठी: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर पत्ता बदलल्यावर बहुतेकांना १० दिवसांच्या आत एआर-११ हा फॉर्म भरून कळवावं लागतं. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर गोष्ट आणखी नाजूक. तुमची परवानगी कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते. ते ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं की कंपनीला सहसा सुधारित अर्ज करावा लागतो. 'लॅपटॉप आहे, कुठूनही काम करीन' हे वाक्य ग्रीनकार्ड असलेल्या मित्राचं आहे, तुमचं नाही. कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

## २. वजन: सर्वात जास्त चुका इथेच

मोटरहोमच्या पुढच्या प्रवासी दाराजवळ आतल्या बाजूला एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून या आकड्यापलीकडे जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. या क्षमतेला ओसीसीसी म्हणतात. २००८च्या मध्यानंतर बनलेल्या गाड्यांवर हे लेबल सक्तीचं आहे. भरलेली डिझेल किंवा पेट्रोलची टाकी आणि प्रोपेन, म्हणजे शेगडी-हीटरचा गॅस, या आकड्यातून आधीच वजा केलेलं असतं. पाणी मात्र वजा केलेलं नसतं, आणि लोकांचा हिशोब इथेच फसतो.

एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंड. समजा लेबलवर १,९०० पौंड आहेत. दोघांचं वजन ३२०. पिण्या-वापरायच्या पाण्याची ४५ गॅलनची टाकी भरली की ३७४. हत्यारं, नळ्या, वायरी, गाडी समतल करायचे ठोकळे मिळून १५०. कपडे आणि अंथरूण-पांघरूण २५०. स्वयंपाकघर आणि किराणा २००. कामाचं सामान, मॉनिटर, पुस्तकं १५०. खुर्च्या आणि सायकली १२०. नंतर बसवलेल्या बॅटऱ्या आणि सोलर १५०. बेरीज १,७१४. उरले १८६ पौंड. यात पाहुणे नाहीत आणि भरलेल्या सांडपाण्याच्या टाक्याही नाहीत. मागे ट्रेलर ओढणार असाल तर त्याच्या जोडावर येणारा भारही याच आकड्यातून जातो.

आमच्या पहिल्या गाडीत आम्ही हा हिशोब केला नव्हता. दोन कुकर, बिडाचा तवा, दगडी खलबत्ता आणि वीस पौंडांची तांदळाची गोणी, सगळं मागच्या कप्प्यात. एकूण वजन मर्यादेत होतं, मागचा ॲक्सल मात्र नाही. टायर फुटला तेव्हा कळलं.

तपासा:
- घरातलं न्यायचं सामान खरोखर वजनकाट्यावर तोला. 'थोडंच आहे' हे वजन नव्हे.
- आलेल्या बेरजेत २० टक्के वाढवा. तेवढी ओसीसीसी नसलेली गाडी यादीतून काढून टाका, किती का आवडलेली असेना.
- एकूण भार आणि प्रत्येक ॲक्सलचा भार यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. दोन्ही लिहून घ्या.

मोठी गाडी म्हणजे जास्त सामान, हा समज काढून टाका. लांब गाडीला स्लाइड (थांबल्यावर बाहेर सरकवायचा खोलीचा भाग), ग्रॅनाइटचा ओटा आणि कपडे धुण्याचं यंत्र आलं की तिचं स्वतःचं वजनच इतकं होतं की तुमच्यासाठी लहान गाडीपेक्षा कमी उरू शकतं.

## ३. पाणी, मैला, वीज: किती दिवस टिकाल?

मोटरहोममध्ये तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, ओटा आणि अंघोळीच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. मुक्काम किती दिवसांचा हे यातली जी आधी संपते किंवा आधी भरते ती ठरवते. बहुधा ती ग्रे असते. दोन माणसांनी बेतानं वापरलं तरी रोज १० ते १२ गॅलन पाणी जातं. म्हणजे ४० गॅलनला फार तर चार दिवस.

आपल्याकडचा एक मुद्दा. संडासात हातातला जेट स्प्रे बसवायचाच असतो. तो बसवा, जास्त पाण्यानं ब्लॅक टाकी उलट नीट रिकामी होते. पण ती भरतेही लवकर, तेव्हा ३० गॅलनपेक्षा लहान ब्लॅक टाकी घेऊ नका. आणि पोळीचं पीठ, भाताची शितं, फोडणीचं तेल ग्रे टाकीत जाऊ देऊ नका. ताट आधी कागदानं पुसायचं, मग धुवायचं. न पुसता धुतलं तर ऑगस्टच्या उन्हात सिंकमधून जो वास येतो तो सांगण्यासारखा नाही.

वीज दोन प्रकारची मिळते. ३० अँपियरच्या जोडणीवर ३,६०० वॉट, तर ५० अँपियरवर दोन तारांतून मिळून १२,००० वॉट. एसी चालू असताना १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी आणि गीझर एकदम लावले तर ३० अँपियरचा ब्रेकर खटकन पडतो. उन्हाळ्यात टेक्सस किंवा ॲरिझोनात राहणार असाल तर ५० अँपियर आणि दोन एसी असलेली गाडी बघा. थंड भागात ३० पुरतात.

जोडणीशिवाय राहायचं असेल तर हिशोब वॉट-तासांत करा. लॅपटॉप ६० वॉट, आठ तास, म्हणजे ४८०. बारा व्होल्टचा फ्रिज दिवसाला ५०० ते ७५०. उपग्रहाचं इंटरनेट, दिवे, पंखा, पाण्याचा पंप धरून आणखी ७०० च्या आसपास. दोघंही लॅपटॉपवर असाल तर रोज सुमारे सव्वादोन युनिटं झाली. १०० अँपियर-तासाची लिथियम बॅटरी जेमतेम सव्वा युनिट देते, आणि जुन्या शिशाच्या बॅटरीचं निम्मंच वापरावं लागतं. छतावर सपाट बसवलेलं १०० वॉटचं पॅनेल उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी ३०० ते ४०० वॉट-तास देतं, डिसेंबरात त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. 'सोलर रेडी' अशी पाटी असेल तर सोलर बसवलेलं नाही असं समजा. बऱ्याचदा आत फक्त एक वायर असते.

मिक्सर हा आणखी एक भिडू. ७५० वॉटचा मिक्सर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढतो. चटणी वाटायची असेल तर २,००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीवरून घरच्यासारखी वीज देणारा, हवा.

## ४. आता वर्ग ठरवा

वरचे तीन टप्पे नीट केले असतील तर ही निवड आपोआप होते.

क्लास बी म्हणजे स्प्रिंटर, प्रोमास्टर किंवा ट्रान्झिट व्हॅनच्या पोटात बांधलेलं घर. शहरात, डोंगरात, साध्या पार्किंगमध्ये जातं. एकट्याला उत्तम. दोघं घरूनच काम करणारे असाल तर पावसाच्या तिसऱ्या दिवशी भांडण होतं. टाक्या लहान आणि फुटामागे किंमत सर्वात जास्त.

क्लास सी म्हणजे ट्रकच्या पुढच्या केबिनवर पुढे आलेला कपाळासारखा भाग असतो ती गाडी. बहुधा फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर. पहिल्या गाडीसाठी मी बहुतेकांना २४ ते २८ फुटांची हीच सुचवतो. दुरुस्ती कुठल्याही मोठ्या गावात होते. तिची नाजूक जागा म्हणजे तेच कपाळ, पाणी सर्वात आधी तिथून शिरतं.

क्लास ए म्हणजे बससारखी. पेट्रोलची बहुधा फोर्डच्या एफ-५३ सांगाड्यावर, डिझेलची इंजिन मागे असलेली. एका जागी महिनामहिना राहणाऱ्यांना आणि जास्त सामान नेणाऱ्यांना योग्य. पण किराणा आणायला मागे छोटी मोटार ओढत न्यावी लागते आणि दुरुस्तीला ट्रकचं दुकान शोधावं लागतं.

सावधान: लायसन्स तपासा. कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला बिगर-व्यावसायिक क्लास बी लायसन्स लागतं. टेक्ससमध्ये भरल्या वजनाचं रेटिंग २६,००० पौंडांपेक्षा जास्त असलेल्या गाडीला तसंच. राज्याराज्यांत नियम बदलतात.

## ५. विकत घेण्याआधी दहा दिवस भाड्यानं

निवडलेल्या वर्गातली, शक्यतो त्याच लांबीची गाडी दहा दिवस भाड्यानं घ्या. तीन दिवस पुरत नाहीत, तीन दिवस सगळ्यांना सहलच वाटते. आणि सहल करू नका. नेहमीचं आयुष्य जगा. सोमवारी दोघांच्या मीटिंग एकाच वेळी, कुकरच्या शिट्ट्या चालू, बाहेर पाऊस, असा एक दिवस मुद्दाम घडवून आणा.

कायमचं राहताना खुपणाऱ्या गोष्टी शोरूममध्ये दिसत नाहीत. रात्री एकाला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं का? स्लाइड बंद असताना फ्रिज उघडतो का, संडासात जाता येतं का? रस्त्यात जेवायला थांबल्यावर प्रत्येक वेळी स्लाइड काढायला जागा नसते. फोडणीचा धूर छतावरच्या पंख्यानं खरोखर बाहेर जातो का? मोहरी-हिंगाचा वास एकदा गादीत बसला की सहा महिने निघत नाही. शेगडीवरचा पंखा हवा नुसतीच आत फिरवणारा निघाला तर ती गाडी आपल्या स्वयंपाकाला निरुपयोगी.

हा खर्च वाया जात नाही. आमच्या एका स्नेह्यांनी दहा दिवसांनी चाव्या परत दिल्या आणि बेत सोडला. ते त्यांचं सर्वात फायद्याचं भाडं ठरलं.

## ६. नवी की जुनी, आणि पैसे

पहिली गाडी तीन ते आठ वर्षं जुनी घ्या. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत जोरात घसरते, शिवाय कारखान्यातल्या चुका पहिला मालक काढत बसतो. फार जुनीही नको, कारण काही खाजगी पार्क दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला जागा देत नाहीत.

सगळे पैसे गाडीत घालू नका. बजेटचे दहा भाग करा, आठ गाडीसाठी, दोन पहिल्या वर्षाच्या टायर, बॅटऱ्या आणि दुरुस्तीसाठी. या दोन भागांना हात लावून वरची पायरी घेणारे पुढच्या उन्हाळ्यात विकायला काढतात.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा:
- विमा. साधी आरव्ही (मोटरहोमसारख्या राहत्या गाड्यांची) पॉलिसी सुट्टीसाठी असते. कायम राहणाऱ्यांसाठी 'फुल-टाइमर' पॉलिसी वेगळी मिळते. त्यात घराच्या विम्यासारखी, दारात कुणी घसरून पडलं तर लागणारी जबाबदारी धरलेली असते.
- वॉरंटी. काही कारखान्यांच्या वॉरंटीत कायम राहण्याचा वापर वगळलेला असतो. बारीक अक्षरं वाचा.
- कर्ज. बऱ्याच बँका कायम राहणाऱ्याला आरव्हीचं कर्ज देत नाहीत. विक्रेता 'सुट्टीसाठी असं लिहा' म्हणाला तर तिथून उठा. खोटं तुमच्या सहीनं लिहिलं जातं, त्याच्या नाही.

## ७. तपासणी: याच क्रमानं

जाण्याआधी विक्रेत्याला तीन विनंत्या करा. फ्रिज आदल्या रात्रीच चालू ठेवा. इंजिन गरम करून ठेवू नका. पाण्याची व्यवस्था चालू ठेवा. हिवाळ्यासाठी पाइपात न गोठणारा गुलाबी द्रव भरून बंद केलेली गाडी पाणी सोडून बघता येत नाही. तशी गाडी घेऊ नका, किंवा वसंतापर्यंत थांबा.

छत. शिडी लावून वर जा. खिडक्या, पंखे, एसी यांच्याभोवतीचं सीलंट तडकलंय का, रबर फुगलंय का बघा. वर जाऊ देत नसतील तर खालीच बोलणं संपवा.

भिंती. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका प्रकाश टाका. फुगवटे आणि लाटा दिसल्या तर आत पाणी शिरून थर सुटलेत. हे डाग नव्हेत, हा कॅन्सर आहे. सवलतीत मिळाली तरी घेऊ नका.

आत, ओल. वरच्या कपाटांचे कोपरे, क्लास सीच्या कपाळातली गादी उचलून तिची खालची फळी, स्लाइडच्या जमिनीचे कोपरे, सगळीकडे बोटांनी दाबा. मऊ लागलं की निघा. कापूर किंवा सुवासिक फवारा मारलेला असेल तर जास्त शोधा. ओल मोजायचं यंत्र थोडक्या पैशांत मिळतं, बरोबर ठेवा.

टायर. खाचा खोल दिसतात म्हणून फसू नका. टायरच्या बाजूवर 'डीओटी'पासून सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली असतील तर नवे दिसणारे टायरही बदलायचे, आणि तो खर्च किमतीतून कापून मागायचा. आतल्या जोडचाकांचे आकडेही वाचा, तिथे जुने टायर खपवतात.

पाणी. सगळे नळ बंद करून पंप चालू करा. दाब भरला की तो गप्प बसायला हवा. दर थोड्या वेळानं आपोआप 'गुर्र' करत असेल तर कुठेतरी गळती आहे. गरम पाणी प्रोपेनवर आणि विजेवर, दोन्हींवर वेगवेगळं तपासा. ब्लॅक टाकीची पातळी दाखवणारे दिवे चुकीचंच दाखवतात, त्याबद्दल घासाघीस करू नका.

वीज आणि गॅस. जनरेटर सुरू करून त्यावर एसी लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. एसीत शिरणारी आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण १५ ते २० अंश फॅरनहाइटचा फरक हवा. प्रोपेनच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या गजरांवरच्या तारखा वाचा, त्यांचं आयुष्य ठरलेलं असतं.

रस्ता. थंड इंजिन स्वतः सुरू करा. महामार्गावर ६५ मैलांच्या वेगानं, एका चढावर आणि एका उतारावर चालवा. दोघांनीही चालवा. एकालाच चालवता येणारी गाडी कायमच्या राहण्याला धोक्याची.

तपासा: स्वतः सगळं केलं तरी एनआरव्हीआयए या आरव्ही-निरीक्षकांच्या संघटनेनं प्रमाणित केलेल्या निरीक्षकाला वेगळे पैसे देऊन बोलवा. विक्रेत्यानं सुचवलेला नको. इंजिनाची तपासणी वेगळ्या मेकॅनिककडून करून घ्या.

## ८. सौदा आणि ताबा

टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' (भंगारात निघालेली) किंवा 'रीबिल्ट' (त्यातून पुन्हा उभी केलेली) असा शिक्का नाही आणि कुणाचं कर्ज शिल्लक नाही, हे खात्रीनं बघा. सांगाड्याचं वर्ष आणि घराचं मॉडेल वर्ष वेगळं असतं, बहुधा सांगाडा एक वर्ष जुना. रिकॉलही, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीनं दुरुस्तीसाठी दिलेली बोलावणी, दोन्हींचे वेगळे निघतात, एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही शोधा.

विक्रेत्याकडून घेत असाल तर ताब्याच्या दिवशी चार तास राखून ठेवा. प्रत्येक वस्तू चालवून दाखवल्याशिवाय अंतिम सही नाही. 'ते आम्ही नंतर करून देऊ' हे वाक्य आलं की कागद मागा. नंतर म्हणजे उन्हाळ्याच्या हंगामात तुमचं घर सहा आठवडे त्यांच्या आवारात आणि तुम्ही हॉटेलात.

## ९. पहिले तीस दिवस

पहिला महिना विक्रेत्यापासून किंवा ओळखीच्या मेकॅनिकपासून शंभर मैलांच्या आत काढा. पहिला आठवडा वीज-पाण्याची जोडणी असलेल्या पार्कमध्ये, दुसरा जोडणीशिवाय. जुन्या घराची चावी अजून हातात असेल तर उत्तमच.

सामान भरलं, पाणी भरलं की ट्रकतळावरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. टायरचा दाब त्या आकड्यांवरून, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून ठरवा.

गाडीची उंची एसीसकट स्वतः मोजा आणि फूट-इंचांत मोठ्या अक्षरांत चालकासमोर चिकटवा. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ८ फुटांपेक्षा उंच गाडीला बंदी आहे, आणि मोटारीचा नकाशा तुम्हाला बिनदिक्कत तिकडेच पाठवतो. आमच्या डॅशबोर्डवर ११ फूट ४ इंच लिहिलंय. त्याच्या खाली बायकोनं लाल शाईत लिहिलंय: शिडी वेगळी.